दुपारी भरलेली बॅटरी

“तुझी बॅटरी दुपारी भरलेली का असते?” नुरियानं विचारलं. अगदी सहज, शेजारणीनं ‘आज तुमच्याकडे दूध लवकर आलं का’ असं विचारावं तसं. जर्सी सिटीत रेणूच्या घरी सकाळचे सात वाजले होते आणि माद्रिदमध्ये, कंपनीच्या ज्या ऑफिसात नुरिया बसायची तिथे, भर दुपार होती. स्क्रीनवर नुरियाच्या पाठीमागची खिडकी उन्हानं इतकी पांढरी झाली होती की तिचा चेहरा धड दिसत नव्हता. रेणूनं चहाचा कप खाली ठेवला. गेली काही वर्षं तिचं काम हेच होतं. तिच्या कंपनीच्या युरोपभर पसरलेल्या, रात्रंदिवस गुरगुरणाऱ्या कॉम्प्युटरांच्या इमारतींसाठी पुढच्या दहा वर्षांची वीज आजच ठरवून ठेवायची; कुणाचा वारा, कुणाचं ऊन, काय भावानं, कुठल्या अटींवर. लग्न जमवण्यासारखंच काम, फक्त पत्रिकेऐवजी हवामान बघायचं. या वेळचं स्थळ स्पेनच्या पश्चिमेकडचं होतं. रखरखीत पठारावर सौरपॅनेलांचं शेत आणि त्याच्या बांधाला मालवाहू कंटेनरएवढाल्या बॅटऱ्यांची रांग. बॅटऱ्यांसकट करार करायचा की नुसत्या उन्हाचा, हे रेणूनं कॉम्प्युटरवर मांडलेल्या हिशेबानं, तिच्या मॉडेलनं, सांगायचं होतं, आणि मॉडेलनं सांगितलं होतं की बॅटरी परवडत नाही. गुरुवारच्या मीटिंगमध्ये तसं ठरून जाणार होतं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आणि आता नुरिया ग्राफच्या एका उंचवट्यावर कर्सर फिरवत होती. दुपारी वीज उतू जाते, नेमकी तेव्हाच तुझी बॅटरी भरलेली कशी? “चाळीस टक्के रिझर्व्ह ठेवलाय मी,” रेणू म्हणाली, “तेवढी कधीच खाली येऊ देत नाही. आणि सकाळी मिळेल तेवढं आधी भरून घेते. सेफ्टी म्हणून.” नुरियानं मान तिरकी केली. “सेफ्टी कशापासून?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच तर वाईट होतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. रेणूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला ते माहीत नाही.

कॉल संपला, लॅपटॉप मिटला, तरी ‘कशापासून’ तिथेच टेबलावर बसून होतं. ओट्याशी तिचा नवरा शार्दूल सईच्या डब्यात पराठे भरत होता. “काय गं, तोंड का असं? डील कॅन्सल झाली?” “नाही रे. बॅटरी भरलेली का ठेवायची, सांग.” “म्हणजे काय यार, लागेल तेव्हा असावी म्हणून.” “कधी लागेल?” “ते काय सांगून येतं का?” तो म्हणाला आणि परत पराठ्यांकडे वळला, कारण हेच वाक्य रविवारी त्यानं दुसऱ्याच विषयावर वापरलं होतं आणि दोघांनाही ते आठवलं. सई आतून ओरडली, “आई, माय बॉटल इज एम्प्टी!” “मग भरून घे ना,” रेणू ओरडली, आणि आपण काय बोललो त्याचं तिचं तिलाच हसू आलं.

रविवारी अण्णांचा फोन झाला होता. अण्णा म्हणजे तिचे वडील, एकनाथराव, अकोल्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आता घरी एकटेच. दोन वेळा पोळीवाल्या बाई येतात तेवढंच. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडत चालले होते, दोन्ही डोळ्यांत. इंजेक्शनांनी वेग कमी होतो, थांबत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. कडेचं दिसत राहतं, मधलं पुसलं जातं. अण्णांनी हे सगळं रडगाणं म्हणून कधीच सांगितलं नाही. वर्गात प्रयोग दाखवावा तसं सांगितलं. “गंमत बघ रेणू, भिंतीवरचं घड्याळ दिसतं, पण काटे दिसत नाहीत. नजर थोडी बाजूला नेली की काटे दिसतात आणि घड्याळ पळतं. समोरच्या घरातला राजाराम बोलायला लागला की मगच कळतं की राजाराम आहे.” मग थोडं थांबून, आवाज मुद्दाम हलका करून ते म्हणाले, “तर तू आता ये. बाजूनं बघितलं तर चेहरे अजून जमतात मला. दिवाळीपर्यंत जमतीलच, असं काही डॉक्टर म्हणत नाही.” आणि रेणू म्हणाली होती, “बघते अण्णा.” बघते! कुणापुढे कुठला शब्द वापरतोय हे फोन ठेवल्यावर तिला कळलं आणि ती बाथरूममध्ये जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली.

कारण रजा खर्चायची नव्हती. रजा, इकडच्या भाषेत पीटीओ, होती, भरपूर होती. तिच्या वयाच्या सगळ्या मराठी मंडळींकडे ती असते. इकडची माणसं रजा मिळाली की मासे पकडायला जातात, बर्फात घसरायला जातात, आणि आपली माणसं ती घरून येणाऱ्या फोनसाठी राखून ठेवतात. पासपोर्ट वरच्या खणात, रजा शिल्लक, आणि झोपताना फोनचा आवाज चालू. यावर कधी कुणी उघड बोलत नाही. पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जमल्यावर कुणी ‘यंदा कुठे फिरायला?’ विचारलं की ‘पीटीओ वाचवून ठेवलाय यार’ एवढंच म्हणायचं, की समोरचा समजून मान हलवतो. शार्दूल रविवारी तेच म्हणाला होता. “समरला सगळेच जाऊ ना, सईची स्कूल संपली की. आत्ता पीटीओ बर्न केलास आणि मग इमर्जन्सी आली तर? ती काय सांगून येते का?” इमर्जन्सी म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तो वाईट माणूस नव्हता, उलट अण्णांच्या इंजेक्शनांच्या तारखा तिच्याआधी त्याला आठवायच्या. ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं, तेव्हापासून व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी भारतात जायचं निमित्तही उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त ही राखण्याची सवय.

नदीखालून मॅनहॅटनकडे जाणाऱ्या गाडीत ती दाराजवळ उभी राहिली. बोगद्यात कानात दडे बसतात तसे बसले आणि नेहमीप्रमाणे तिनं आवंढा गिळला. खरं तर या धंद्यातली तिला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच दुपार होती. वसंतात स्पेनमध्ये ऊन इतकं होतं की दुपारच्या दोन-चार तासांत विजेचा भाव शून्याला येतो, कधी कधी शून्याच्याही खाली जातो. म्हणजे वीज बनवणारा म्हणतो, घेऊन जा, वर मी पैसे देतो. पहिल्यांदा स्क्रीनवर तो उणे आकडा पाहिला तेव्हा तिला वाटलं, मशीनच बिघडलंय. ज्या गावात दिवे गेल्यावर ‘गेलेऽ’ आणि आल्यावर ‘आलेऽ’ असा साऱ्या गल्लीचा गजर व्हायचा, त्या गावच्या मुलीला वीज कुणाला नकोशी होऊ शकते हे पटायलाच वेळ लागला. अण्णांना मात्र लगेच पटलं. “त्यात काय एवढं? लग्नात उरलेली बुंदी. पंगती उठल्या की आपणच नाही का टेम्पो करून वाटत सुटत? पण मला एक सांग, ती संध्याकाळपर्यंत ठेवायला त्यांच्याकडे परात का नाही?” परात! त्या एका शब्दात त्यांनी सगळा प्रश्न गुंडाळून ठेवला. रेणू मग कितीतरी रविवार त्यांना परातीची हकीकत सांगत होती. युरोपात कित्येक ठिकाणी बरीच वर्षं कायद्याला बॅटरी कळतच नव्हती. ती वीज घेते म्हणून गिऱ्हाईक, आणि देते म्हणून उत्पादक. तेव्हा तारा वापरल्याचा आकार तिला जातानाही लावायचा आणि येतानाही. आता कुठे नियम बदलतायत, आता कुठे तिला स्वतःचं नाव मिळतंय. “म्हणजे माहेरवाशीण,” अण्णा म्हणाले होते, “सासरीही पाहुणी आणि माहेरीही.” आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण यातल्या कशातही नुरियाच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. परात रिकामी हवी, हे अण्णांना विजेचं एक कलम न वाचता कळलं होतं, आणि रेणूनं ती सकाळीच भरून ठेवली होती.

कशापासून सेफ्टी? डब्यातली गर्दी उतरली, नवी चढली, आणि तिच्या नाकाला एकदम ओल्या तांब्याचा वास आला. अकोल्यात नळाला रोज पाणी नसायचं. आठवड्यानं यायचं, कधी त्याहूनही उशिरा, आणि कधी येईल ते महापालिकेलाही ठाऊक नसायचं. मग घरात जे जे पोकळ ते ते भरून ठेवायचं. पिंपं, हंडे, कळश्या, बादल्या, कुकरची भांडी, आणि अण्णांचा पितळी फिरकीचा तांब्यासुद्धा. आई आठवडाभर ते पाणी जिवापाड जपायची. अर्ध्या बादलीत आंघोळ, डोकं धुणं पुढे ढकललेलं, भांड्यांचं शेवटचं पाणी झाडांना. आणि मग एका पहाटे गल्लीत हाकाटी व्हायची, ‘नळ आलेऽ’. आई पदर खोचून उठायची आणि पहिलं काम काय करायची, तर सगळी भांडी उपडी करायची. शिळं पाणी! ताजं आलं की शिळं ओतून द्यायचं, ही तिचीच काय, साऱ्या गल्लीची रीत. आठवडाभर राखलेलं पाणी दारापुढून गटारात वाहत जायचं आणि प्रत्येक दारासमोर तेच चाललेलं असायचं. एकदा रेणूनं विचारलं होतं, तेलकट केसांना खाजवत, “मग काल मला डोकं का धुऊ दिलं नाहीस?” आई वाकलेली तशीच म्हणाली, “आणि आज नळ आले नसते तर?” गाडी स्टेशनात शिरली. रेणूला आता स्वच्छ दिसलं की ते चाळीस टक्के कुठून आले होते. स्पेनच्या पठारावर, तिच्या हातून, अकोल्याचं पिंप भरून ठेवलं गेलं होतं. आणि कुणी विचारलंच तर ‘सेफ्टी’ म्हणायला चांगला इंग्रजी शब्दही होता.

ऑफिसात पोचल्यावर तिनं कोटही काढला नाही. मॉडेल उघडलं, चाळीसच्या जागी पाच लिहिलं, सकाळी भरून घेण्याची अट खोडली आणि मशीन चालू केलं. खरं तर तिला शरम वाटायला हवी होती. इतके आठवडे हा उंचवटा तिच्या नाकासमोर होता. पण शरम वाटेना. लहानपणी अण्णांनी चुंबकावर कागद धरून लोखंडाचा कीस पसरला तेव्हा वाटली होती तशी उत्सुकताच वाटत होती. स्क्रीनवर रेघ हलली. आता पहाटेपर्यंत बॅटरी तळाला जात होती, सकाळभर नुसती आ वासून पडून राहत होती, आणि दुपारी भाव जमिनीखाली गेला की सगळं ऊन गटागटा पीत होती. संध्याकाळी सूर्य गेला, स्पेनमधल्या घराघरांत दिवे लागले, स्वयंपाक चढले, भाव चढला, की सगळं देऊन टाकत होती. पुन्हा रिकामी. दिवसामागून दिवस हेच. खालचा आकडा उण्यातून अधिकात गेला. बॅटरी परवडत होती. नुसती परवडत नव्हती, तिच्याशिवाय तो करार करणं म्हणजे दहा वर्षं रोज दुपारी ऊन गटारात ओतणं होतं. तिनं लगेच नुरियाला फोन लावला. “मला उत्तर सापडलं,” ती म्हणाली, “आमच्या गावात पाणी आठवड्यानं यायचं.” नुरिया खळखळून हसली, आणि मग तिनं सगळं नीट विचारून घेतलं. भांडी किती, आई काय म्हणायची, शिळं म्हणजे नक्की काय, पाणी शिळं कसं होतं. शेवटी म्हणाली, “आमची मागे एकदा सगळ्या देशाची वीज गेली होती ना, तेव्हा आम्हीही असेच वेडे झालो. माझ्या मावशीनं मेणबत्त्यांनी कपाट भरून ठेवलंय. पण रेणू, तसल्या दिवसाची सोय वेगळी असते, ती ग्रिडवाले बघतात. ही बॅटरी त्यासाठी नाहीच. ही रोज रिकामी व्हायलाच हवी, नाहीतर उद्याचं ऊन ती ठेवणार कुठे?” गुरुवारच्या मीटिंगसाठी नवे आकडे पाठवते, असं सांगून रेणूनं फोन ठेवला.

ठेवला आणि तशीच बसून राहिली. तिला याचा त्याचा संबंध लावायचा नव्हता. बॅटरी ही बॅटरी आणि बाप हा बाप. असले संबंध लावणारी माणसं तिला आवडत नसत. ऑफिसात एक होता, तो सॉफ्टवेअरच्या प्रत्येक बिघाडातून आयुष्याचे धडे काढायचा. पण मन काही ऐकेना. आईच्या वेळी रजा होती. व्यवस्थित राखलेली, पूर्ण भरलेली. फोन आला आणि शार्दूलनं तासाभरात तिकीट काढलं, मॅनेजरनं एका ओळीत हो म्हटलं, काही म्हणजे काही अडलं नाही. सगळं जसं योजलं होतं तसंच झालं. ती पोचली तेव्हा अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि आईला नेऊन झालं होतं. मग तेरा दिवस ती त्या घरात राहिली, आल्यागेल्याला चहा दिला, कपाटातल्या साड्या वाटल्या. जपून ठेवलेली ती सगळी रजा आईशिवायच्या घरात खर्च झाली. आदल्या उन्हाळ्यात आई म्हणाली होती, ये गं, दोघी मिळून कुरडया घालू. तेव्हा ती गेली नव्हती, कारण रजा राखायची होती. हे तिला आजवर कधी चूक वाटलं नव्हतं. रीतच होती ती. सगळ्या गल्लीची रीत. पण आता समोरची रेघ धूसर झाली, आणि डोळे पुसताना तिला अण्णांचे डोळे आठवले. त्यांना आत्ता, या क्षणी, टीव्हीसमोर बसून बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा सोडून बाकी सगळं दिसत असेल. तिनं रजेचा अर्ज भरला, कारणाच्या रकान्यात ‘पर्सनल’ लिहिलं, आणि शार्दूलला मेसेज टाकला की मी पुढच्या आठवड्यात अकोल्याला जातेय, इमर्जन्सी नाही. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. “जा. सईला मी बघतो. अण्णांसाठी काय आणायचं?”

मग तिनं अण्णांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ उलटून गेली होती. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“काय झालं?” अण्णा म्हणाले. हॅलो नाही, काही नाही. “सई बरी आहे ना? आज काही रविवार नाही.”

“सगळे बरे आहेत अण्णा. मी येतेय. पुढच्या आठवड्यात.”

“काहून? काय झालं?”

“काही झालं नाही. म्हणूनच येतेय.”

मागे टीव्ही चालू होता तो बंद झाला. “रजा?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग ती ठेव ना शिल्लक,” अण्णा म्हणाले, समजूत घालावी तशा सुरात. “पुढे लागेल तुला.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. ही रजा कशासाठी राखायची असते ते पॉटलकच्या मंडळींना माहीत होतं, शार्दूलला माहीत होतं आणि ज्याच्यासाठी राखायची त्यालाही. रविवारी ‘बघते’ म्हणताना तिनं काय म्हटलं, ते त्यांना बरोबर ऐकू गेलं होतं.

“तेव्हा येऊन मी कुणाला भेटू अण्णा?”

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खाकरल्याचा आला. “गाडी कुठली घेणार मुंबईहून?” अण्णांनी विचारलं. आवाज जरा ओला होता, पण त्यात नेहमीची ती खोडी परत येऊ लागली होती. “अशी घे की अकोल्याला दिवसा पोचशील. उजेड पाहिजे. मी राजारामला घेऊन स्टेशनवर येतो.”

“कशाला त्रास घेता? मी येते ना रिक्षानं.”

“मला यायचंय. आणि ऐक, काय घालून येणार ते सांगू नकोस. उतरलीस की हाक मारू नकोस. नुसती उभी राहा. राजारामलाही मी सांगून ठेवतो, तोंड बंद ठेव म्हणून. मला बघायचंय, तू आहेस हे मला ओळखता येतं का ते.”

“आणि नाही आलं तर?”

“तर मग मार हाक,” अण्णा म्हणाले. “पण लगेच नको. थोडा वेळ दे मला.”

“देते,” रेणू म्हणाली.